रहाटपाळणा ते नायट्रो

मंडळी, सत्तरी उलटली तरी मला पाळण्यांचं वेड आहे. लहानपणी पिशोरहून महाशिवरात्रीला वेरूळच्या जत्रेत जायचो. तिथला लाकडी रहाटपाळणा माणसं हातानं फिरवायची. एकाच पेटीत आजोबा-नातू बसत. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड आलं, खाडी ओलांडून बोटीनं जायचं. २०१३ पासून खोपोलीजवळ इमॅजिका. तिथल्या ‘नायट्रो’त पायाखाली फळीच नसते, पाय लोंबकळतात! वेग झकास, पट्टे मजबूत. पण उंचीची खूण धाकट्याला अडवते, रक्तदाबाची पाटी आम्हाला. मग आजोबा बाकावर, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत. हे काही मला पटत नाही. सेक्रेटरीसाहेब, पंचविशीनिमित्त बागेत खेळणी घेताय ना? एक झोपाळा तरी आजोबा-नातू दोघं मावतील एवढा रुंद घ्या.