डीव्हीडी ड्राइव्ह नाही? अपग्रेडला तो लागतच नाही

आजचा विषय तुमच्याच व्हॉइस नोट्समधून आलाय. शब्द वेगवेगळे, प्रश्न एकच : "दादा, लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हच नाहीये, मग नवीन विंडोज टाकायची कशी?" हा प्रश्न आत्ताच का वाढला तेही उघड आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन चालतंय, बंद वगैरे काही पडलेलं नाही, पण सिक्युरिटीचे फुकट अपडेट थांबले. घराघरातल्या लॅपटॉपवर "अपग्रेड करा" असा मेसेज येतोय आणि लोक डीव्हीडीची फट शोधतायत.

उत्तर आधीच देऊन टाकतो, मग सविस्तर बोलू. अपग्रेड करायचं असेल तर डीव्हीडी लागत नाही. आणि इथे बरेच जण चकतात, पेनड्राइव्हसुद्धा लागत नाही. पेनड्राइव्ह लागतो तो सगळं पुसून नव्याने विंडोज टाकायला. ही दोन वेगळी कामं आहेत. पण आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द आहे : "विंडोज मारणे." या एका शब्दापायी लोकांचा बराच डेटा गेलाय.

फरक कुठे पडतो ते सांगतो. विंडोजचा इन्स्टॉलर दोन प्रकारे सुरू होतो. एक, लॅपटॉप नेहमीसारखा चालू आहे, तुम्ही तुमच्या विंडोजमध्ये आहात आणि तिथूनच सेटअपची फाइल डबल क्लिक करता. अशा वेळी सेटअपला तुमची जुनी विंडोज जिवंत दिसते. तुमचे प्रोग्रॅम, सेटिंग्ज, फाइली, फॉन्ट सगळं उचलून नव्या घरात मांडायची सोय त्याच्याकडे असते. दोन, लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्हवरून बूट करता. तेव्हा जुनी विंडोज झोपलेली असते. सेटअपला दिसते ती फक्त एक डिस्क, तिच्यावरचे पार्टिशन. प्रोग्रॅम तसेच ठेवायचा पर्याय तिथे मिळतच नाही. म्हणजे "अपग्रेडसाठी बूटेबल पेनड्राइव्ह बनवून द्या" असं कुणी म्हणतं, तेव्हा तो माणूस नकळत फॉरमॅटच्या रस्त्याला लागलेला असतो.

आता खरंखुरं उदाहरण. माझ्या मामाचं चिपळूणला डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची निमंत्रणं, ग्रामपंचायतीची पत्रकं, वर्षश्राद्धाच्या जाहिराती. लॅपटॉप आठव्या पिढीचा आय फाइव्ह, विंडोज १०, डीव्हीडी ड्राइव्ह अर्थातच नाही. मामाने बाजारातल्या एका रिपेअरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, पाचशे रुपये द्या, संध्याकाळपर्यंत विंडोज ११ मारून देतो, डी ड्राइव्ह तसाच राहील, सी जाईल. मामाला वाटलं ठीक आहे, पत्रिका तर डीमध्येच आहेत.

मामेबहिणीला मात्र शंका आली. तिने मला व्हिडिओ कॉल लावला. "दादा, सी गेला तर फॉन्ट राहतील ना?"

नाही राहणार! आणि हा प्रश्न तिने विचारला म्हणून पंधरा वर्षांचं काम वाचलं असं मी म्हणेन. डीटीपीतले जुने मराठी फॉन्ट युनिकोडचे नसतात. फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचे कोड साठवलेले असतात आणि फॉन्ट त्या कोडच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. फॉन्ट गेला की "श्री गजानन प्रसन्न" च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. फाइल शाबूत असते, पण वाचता येत नाही. आणि हे फॉन्ट असतात सी ड्राइव्हवर, विंडोजच्या पोटातल्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये. डी सांभाळून काही उपयोग नाही.

दुकानदारांच्या घरातल्या मुलामुलींनी हे विशेष ऐका. टॅलीचा डेटासुद्धा बहुतेक वेळा डॉक्युमेंट्समध्ये नसतो, त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये सीवर बसलेला असतो. टॅलीत कंपनी उघडताना डेटाचा पत्ता दिसतो, तो बघून घ्या. आणि डेस्कटॉप! डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच. आमच्या मामाचा डेस्कटॉप म्हणजे लग्नसराईतला मांडव आहे, पाय ठेवायला जागा नाही. ते सगळं "सी जाईल" या दोन शब्दांत गेलं असतं.

तर आम्ही अपग्रेड केलं. क्रमाने सांगतो, पण यादी म्हणून नको, गोष्ट म्हणून ऐका, म्हणजे लक्षात राहील.

पहिल्यांदा मशीन पात्र आहे का ते पाहिलं. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं फुकट ॲप आहे, ते सरळ हो की नाही सांगतं. विंडोज ११ ला ढोबळमानाने इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, एएमडी असेल तर रायझन २००० च्या आसपासपासून पुढे, शिवाय ४ जीबी रॅम, ६४ जीबीची डिस्क, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. मामाच्या मशीनवर ॲप म्हणालं टीपीएम नाही. घाबरायचं नाही. त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये टीपीएम प्रोसेसरमध्येच असतो, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेला असतो. इंटेलमध्ये तो पीटीटी नावाने सापडतो, एएमडीमध्ये एफटीपीएम. चालू केला, ॲप लगेच हो म्हणालं.

बायोसला हात लावण्याआधी एक गोष्ट मात्र केली. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहिलं. चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन असेल तर बहुतेकदा ती त्या अकाउंटमध्ये जमा असते. बायोसमध्ये बदल केला की विंडोज कधी कधी ही की मागते. ती नसेल तर डिस्कवरचं काहीही उघडत नाही, तुम्ही मालक असलात तरी. लॅपटॉपवरच फोटो काढून ठेवू नका रे बाबांनो. किल्ली कुलपाच्या आत ठेवण्यासारखं आहे ते.

मग बॅकअप. अपग्रेडमध्ये फाइली राहतात हे खरं, पण मधेच वीज गेली, डिस्क जुनी निघाली, असं काहीही होऊ शकतं. एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डी ड्राइव्ह आणि तो फॉन्ट्स फोल्डर अख्खा कॉपी केला. याला अर्धा दिवस गेला. सगळ्या कामात सर्वात जास्त वेळ यालाच लागला आणि तो लागू द्यावा.

आता आयएसओ फाइल. आयएसओ म्हणजे डीव्हीडीची हुबेहूब प्रत, एका फाइलमध्ये. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर ती अधिकृतपणे आणि फुकट मिळते. टेलिग्रामवरून, कुठल्या तरी "प्री-ॲक्टिव्हेटेड" नावाच्या लिंकवरून घेऊ नका. आत काय कालवलंय ते तुम्हाला कळणार नाही आणि याच मशीनवर घरातलं नेट बँकिंग चालतं. ॲक्टिव्हेशनची तर चिंताच नको. तुमची विंडोज १० अस्सल आणि ॲक्टिव्हेटेड असेल तर ११ आपोआप ॲक्टिव्हेट होते. वेगळी की विकत घ्यावी लागत नाही. कुणी कीचे पैसे मागत असेल तर आधी हे त्याला ऐकवा.

फाइल बऱ्याच जीबीची असते. रोजच्या दोन जीबीच्या पॅकात ती बसत नाही आणि डाउनलोडची लिंक २४ तासच चालते, म्हणजे "आज थोडं, उद्या थोडं" हा हिशेबही धोक्याचा. बहीण लॅपटॉप घेऊन मैत्रिणीकडे गेली, तिच्याकडे फायबर होतं.

विंडोज १० मध्ये आयएसओवर डबल क्लिक केलं की ती एखाद्या ड्राइव्हसारखी उघडते. डीव्हीडी ड्राइव्ह नाही म्हणता ना, हा घ्या, सॉफ्टवेअरने बनवलेला ड्राइव्ह. आत सेटअपची फाइल असते, ती चालवायची. थोड्या वेळाने सेटअप विचारतो : काय ठेवायचं? तिथे "फाइली आणि ॲप्स ठेवा" हा पर्याय हवा. सगळ्या कार्यक्रमातला हाच एक स्क्रीन श्वास रोखून वाचा. तो पर्याय फिकट दिसत असेल, निवडताच येत नसेल, तर तिथेच थांबा आणि रद्द करा. अजून काहीही बिघडलेलं नाही. कारण बहुतेक वेळा साधं असतं : तुमची मूळ विंडोज इंग्लिश युनायटेड स्टेट्सची आणि आयएसओ इंग्लिश इंटरनॅशनलची, किंवा उलट. आपल्याला दोन्ही इंग्लिशच वाटतात, सेटअपला त्या दोन वेगळ्या भाषा आहेत. दुसरी आयएसओ आणा, पर्याय उजळतो. आमचं अगदी हेच झालं. बहिणीला पुन्हा मैत्रिणीकडे जावं लागलं, चहा मात्र दोनदा मिळाला.

(ज्यांना आयएसओच्या भानगडीत पडायचं नाही त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचं इन्स्टॉलेशन असिस्टंट आहे. तेच काम तो स्वतः डाउनलोड करून करतो. मला आयएसओ बरी वाटते, कारण एकदा उतरवली की घरातल्या तीन मशीनला चालते.)

पुढे दीड-दोन तास लॅपटॉप रीस्टार्ट होत राहिला. चार्जर लावलेला, बॅटरी पूर्ण भरलेली. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर विजेचा भरवसा नसतो, त्यामुळे डेस्कटॉपवाल्यांनी यूपीएसशिवाय हे करू नये. मामा दर दहा मिनिटांनी विचारत होता, "किती टक्के झाले गो?" शेवटी विंडोज ११ उघडली, कोरल ड्रॉ उघडलं, २०११ सालची एक पत्रिका उघडली आणि अक्षरं मराठीच होती. जुनी विंडोज दहा दिवस बाजूला ठेवलेली असते, सेटिंग्जमधून मागे फिरता येतं. म्हणून त्या दहा दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, टॅली, सगळं एकदा चालवून बघा. सी ड्राइव्ह साफ करायची घाई करू नका.

मग पेनड्राइव्ह कधी लागतो? विंडोज सुरूच होत नसेल, डिस्क बदलून नवीन एसएसडी टाकली असेल, किंवा जुनी विंडोज ३२ बिटची असेल तेव्हा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते आणि ३२ वरून ६४ वर अपग्रेड होत नाही, नव्यानेच टाकावी लागते.

यासाठी किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाणार हे गृहीत धरा. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल किंवा रूफस हे छोटं फुकट टूल वापरा. नुसती आयएसओ पेनड्राइव्हवर कॉपी केली तर बूट होत नाही, कारण लॅपटॉपला आतल्या फाइली सुट्या हव्या असतात, आयएसओचं गाठोडं नको. फाइली सुट्या करून टाकल्या तरी एक अडचण येते. बूट होण्यासाठी पेनड्राइव्ह बहुतेकदा फॅट ३२ मध्ये असावा लागतो आणि फॅट ३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. थेट उतरवलेल्या आयएसओतली मुख्य फाइल त्याहून मोठी असते. मीडिया क्रिएशन टूल ती जास्त दाबून लहान करून आणतं, रूफस वेगळी युक्ती वापरतं. म्हणून टूल.

बूट करायला डेल आणि लेनोवोवर सहसा एफ १२, एचपीवर एफ ९, आसुसवर एस्केप. बटण जमत नसेल तर चालू विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, तिथे "डिव्हाइस वापरा" असा पर्याय येतो. इंटेलच्या अकराव्या पिढीनंतरच्या काही लॅपटॉपवर सेटअपला डिस्कच दिसत नाही. एसएसडी खराब झालेली नसते. तिचा इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घेऊन त्याच पेनड्राइव्हवर ठेवा आणि "लोड ड्रायव्हर" म्हणा.

नवी विंडोज आली आणि वायफायच नाही, असंही होतं. फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक अँड्रॉइड फोन लगेच इंटरनेट देतात, मग बाकीचे ड्रायव्हर आपोआप येतात.

आणि ज्यांच्याकडे फक्त फोन आहे, दुसरा कॉम्प्युटरच नाही? अँड्रॉइडवर एचड्रॉइड नावाचं ओपन सोर्स ॲप आहे, ओटीजी केबलने पेनड्राइव्ह लावून त्यावर आयएसओ लिहितं, रूट लागत नाही. पण हे लिनक्सच्या आयएसओंसाठी. लिनक्सवाले त्यांची आयएसओ अशी बनवतात की ती जशीच्या तशी पेनड्राइव्हवर उतरवली तरी बूट होते. विंडोजची तशी नसते. विंडोजसाठी कुणाचा तरी कॉम्प्युटर तासभर मागून घ्यावाच लागेल.

राहता राहिली २०१५-१६ ची मशीन, जी विंडोज ११ साठी पात्रच नाहीत. जबरदस्तीने टाकायच्या युक्त्या आहेत, पण ज्या मशीनवर घराचं पोट आहे तिथे मी त्या सुचवणार नाही. विंडोज १० ला वाढीव सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नोंदणी करता येते, सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर चालू ठेवलात तर पैसेही पडत नाहीत. तेवढा वेळ विकत न घेता मिळतोय, घ्या. ब्राउझर, अभ्यास, यूट्यूब एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट जरूर बघा, पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतं, डिस्कला हात न लावता. कोरल ड्रॉ तिथे थेट चालत नाही, त्यामुळे मामासारख्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

तुमच्या मशीनचं मॉडेल आणि प्रोसेसरची पिढी सांगून व्हॉइस नोट पाठवा. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून कसं चालवायचं, ते पुढच्या भागात करून दाखवतो. भेटू.