आतला जुना संगणक आणि बाहेरची भिंत

मानवत हे कापसाच्या मोंढ्याचं गाव. अशा गावात छपाईची कामं बारमाही असतात. लग्नपत्रिका, आडतीच्या पट्ट्या, जिनिंगच्या पावत्या, वर्गणीची पुस्तकं, वर्षश्राद्धाची पत्रं, काही ना काही चालूच असतं. डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षं हा मजकूर पेजमेकरमध्ये आणि श्रीलिपीसारख्या जुन्या अक्षरांत जुळवला गेला. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, ती २००१ सालची. ती ज्या विंडोज एक्सपीवर सुखानं चालते, त्या एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. यावर तोडगा असा, की संगणक नवा घ्यायचा आणि त्याच्या पोटात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, उभा करून त्यात एक्सपी चालवायची. बाहेर विंडोज दहा किंवा अकरा, आत एक्सपी, तिच्यात पेजमेकर. काम सुरळीत चालतं. मग एके दिवशी पडद्यावर सूचना येते, की हा आभासी संगणक चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सची नवी आवृत्ती आली आहे. ती घ्यावी का, एवढ्याच प्रश्नावर मला आज बोलायचं आहे.

जुनं सोडून सगळं युनिकोडमध्ये आणा, असा सल्ला देणं सोपं आहे, आणि नव्या कामाला तो योग्यही आहे. पण जुन्या मजकुराची अडचण खरी आहे. युनिकोडमध्ये 'क' या अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. जुन्या फॉन्टांमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले होते. तो फॉन्ट काढला, की आजोबांच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं, रफार, वेलांटी यांत चुका राहतात आणि प्रत्येक पान माणसाला वाचूनच तपासावं लागतं. वीस वर्षांच्या फायली असणाऱ्याला हे एका महिन्यात जमणार नाही. तेव्हा आतली एक्सपी अजून काही वर्षं राहणार, हे धरूनच बोललं पाहिजे.

माझं म्हणणं असं आहे. आतला संगणक जुना ठेवायचा असेल, तर त्याच्याभोवतीची भिंत जुनी ठेवून चालणार नाही. व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअरसारखं तेच काम करणारं दुसरं सॉफ्टवेअर, हीच ती भिंत. एक्सपीत २०१४ नंतर सापडलेल्या दोषांवर बहुतांशी इलाज झालेला नाही, म्हणजे आतली खोली उघडीच आहे. तिथे शिरलेला व्हायरस तुमच्या बँकेच्या आणि जीएसटीच्या कामापर्यंत पोहोचू नये, हे काम ही भिंत करते. भिंतीला तडे जातात, याचा पुरावा आहे. २०१५ मध्ये 'व्हेनम' नावाचा दोष उघड झाला. तो होता फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणाऱ्या भागात. तो भाग २००४ पासून तसाच होता, आणि क्यूईएमयू, झेन, व्हर्च्युअलबॉक्स अशा आभासी संगणक चालवणाऱ्या अनेक सॉफ्टवेअरांत वापरला गेला होता. फ्लॉपी बाजारातून गेली, पण तिची नक्कल मागे राहिली आणि तिच्यातली फटही राहिली. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका रशियन अभ्यासकानं व्हर्च्युअलबॉक्समधल्या, सर्रास वापरल्या जाणाऱ्या नेटवर्क कार्डाच्या नकलेतला दोष जाहीर केला. आतल्या यंत्रणेचा ताबा मिळवलेल्याला त्यातून बाहेर पडता येत होतं. ५.२.२० आणि त्याआधीच्या आवृत्त्या त्यात सापडल्या, आणि काही दिवसांत ५.२.२२ मध्ये तो बुजवला गेला. मार्च २०२५ मध्ये व्हीएमवेअरच्या काही दोषांबद्दल तर कंपनीनंच सांगितलं, की त्यांचा प्रत्यक्ष हल्ल्यांत वापर झालेला दिसतो. त्यात मोठ्या सर्व्हरबरोबर घरच्या संगणकावर चालणारं वर्कस्टेशनही होतं. जुनं म्हणजे पारखलेलं, असं आपण अवजारांबद्दल म्हणतो आणि ते बरोबरही असतं. इथे मात्र व्हेनमची फट अकरा वर्षं कुणाच्या नजरेला पडली नव्हती.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. आतल्या एक्सपीचं इंटरनेट काढून टाकलं, की धोका कुठून येणार? ते काढलंच पाहिजे, यात वाद नाही. आभासी संगणकाचं नेटवर्क कार्ड सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं, आणि पेजमेकरला इंटरनेट लागत नाही. पण डीटीपीच्या दुकानात धोक्याची दुसरी वाट रोजची आहे. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन येतं. त्यात वराकडची यादी असते, फोटो असतात, आणि आधीच्या चार दुकानांतून आलेलं बरंच काही असतं. तो पेनड्राइव्ह थेट एक्सपीला जोडला, किंवा आतबाहेर जाण्यासाठी सामाईक फोल्डर कायम उघडा ठेवला, तर नेट काढून फारसं साधत नाही. ज्याचा आभासी संगणक खरोखर बंदिस्त आहे, नेट नाही, पेनड्राइव्ह नाही, सामाईक फोल्डर नाही, त्यानं नव्या आवृत्तीची घाई केली नाही तरी चालेल. पण असा बंदिस्तपणा चालत्या दुकानात फार थोड्यांना पाळता येतो.

दुसरा आक्षेप असा, की नवी आवृत्ती नव्या चुका घेऊन येते, आणि चालतं यंत्र बंद पडतं. हेही खरं आहे. इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण सूचना दोन्हींची सारखीच दिसते. ७.०.१० वरून ७.०.१२ वर जाणं म्हणजे डागडुजी. ६.१ वरून ७.० वर जाणं म्हणजे घर बदलणं. व्हर्च्युअलबॉक्स बनवणारं ओरॅकल दर तीन महिन्यांनी, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये, सुरक्षेच्या दुरुस्त्या जाहीर करतं. डागडुजी त्या त्या वेळी करून घ्यावी, तीत टाळाटाळ नको. घर बदलायला मात्र थांबता येतं. ५.२ ही मालिका ऑक्टोबर २०१७ ची. डिसेंबर २०१८ मध्ये ६.० आली, तरी ५.२ ला दुरुस्त्या जुलै २०२० पर्यंत मिळत होत्या. जुन्या मालिकेवर राहणाऱ्याला दीड वर्षाहून जास्त मुदत मिळाली. तेव्हा नवी मालिका आली त्याच आठवड्यात उडी मारणं मला अनाठायी वाटतं. तिच्या दोन-तीन दुरुस्त्या निघू द्याव्यात. मुदत संपल्यावरही जुन्या घरात बसून राहणं मात्र चूकच.

काही वेळा निवड आपल्या हातात राहत नाही. ६.० पासून व्हर्च्युअलबॉक्स ३२-बिट विंडोजवर बसत नाही. ६.१ पासून प्रोसेसरमध्ये आभासीकरणाची सोय असावीच लागते, आणि ती बायोसमधून सुरूही असावी लागते. जुन्या संगणकाला हे पेलत नसेल, तर प्रश्न सॉफ्टवेअरचा उरत नाही, यंत्राचा होतो. उलट बाजूही आहे. विंडोज दहाची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, म्हणून नवा संगणक घेतला तर त्यावर विंडोज अकरा येते. तिच्या सुरक्षेची काही व्यवस्था स्वतःच आभासीकरण वापरते. व्हर्च्युअलबॉक्सच्या ६.० पूर्वीच्या आवृत्त्यांचं तिच्याशी जमत नाही, आणि मशीन सुरूच होत नाही. डोंगलचा मुद्दा तर थेट कामाचा आहे. सॉफ्टवेअरचा परवाना यूएसबी डोंगलवर असेल, तर तो आतल्या एक्सपीला दिसला पाहिजे. ७.० पूर्वी यूएसबी २ आणि ३ साठी वेगळा एक्स्टेन्शन पॅक लागायचा, आणि तो वैयक्तिक वापराला मोफत असला तरी धंद्याच्या वापराला तसा नव्हता. ७.० मध्ये ही सोय मूळ मोफत पॅकेजातच आली. दुकानदाराला यामुळे खर्च वाचतो आणि वापरही कायदेशीर राहतो. माझ्या मते सातच्या मालिकेवर जाण्याचं हे एकच कारणही पुरेसं आहे.

आता वेळेबद्दल. घर बदलण्यासारखं काम कापूस मोंढ्यात असताना किंवा लग्नसराईत करायचं नसतं. आषाढी एकादशीपासून लग्नं थांबतात आणि गणपतीच्या पावत्यांना अजून अवकाश असतो, तेव्हाचे दोन-तीन आठवडे त्याला योग्य. त्याआधी आतली एक्सपी नीट शट डाउन करावी. 'सेव्ह स्टेट' करून झोपवलेलं मशीन नव्या आवृत्तीत जागं होईलच असं नाही. मग मशीनचं सबंध फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावं. नवी आवृत्ती सेटिंगची फाइल नव्या पद्धतीनं लिहू शकते आणि मग ती जुनीला वाचता येत नाही, म्हणून परतीची वाट ही प्रतच असते. जुन्या आवृत्तीचा सेटअपही जवळ ठेवावा. चढवून झाल्यावर गेस्ट अ‍ॅडिशन्स, म्हणजे आतल्या एक्सपीत बसणारी व्हर्च्युअलबॉक्सची जोडसाधनं, नव्यानं बसवावीत, डोंगल लावून एक जुनी पत्रिका उघडावी, तिची प्रिंट काढावी, आणि रफार-वेलांट्या जागेवर आहेत का ते पाहावं.

श्रोतेहो, नव्या मालिकेवर जायचं की नाही, हे तुम्ही पुढच्या आषाढापर्यंत ठरवा. फोल्डरची प्रत मात्र आज रात्री दुकान वाढवण्याआधी काढून ठेवा. तिला अर्धा तास पुरतो.