नागोबा काढणारीचं नाव

मागच्या नागपंचमीला आमच्या गटातल्या आजीनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं नागोबा काढला. कॉलेजातल्या एका पोरीनं त्याचा फोटो घेतला आणि विचारलं, “चित्रकार कोण?” आजी हसली. “मी कायची चित्रकार वो बाई! मी त भित सारवतो न नागोबा काढतो.” आम्हीही हसलो. पण ते हसणं नंतर आम्हालाच टोचलं.

मग आम्ही घरातली चित्रं नीट पाहू लागलो. देवघरातली लक्ष्मी घ्या. अशा तसबिरी घरोघरी पोचवल्या त्या केरळच्या राजा रविवर्मा यांनी. त्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना सुरू केला. चित्र दगडावर उतरवायचं आणि एकेक रंग वेगळा छापायचा. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते, त्यांच्याही भिंतीवर लक्ष्मी आली. पुढच्या वेळी हात जोडाल तेव्हा लुगड्याच्या काठाकडे आणि पाण्याकडेही बघा. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकातला रस्त्याचा पडदाही तसाच बघा. कापड सपाट, पण रस्ता दूर जाताना दिसतो तो कसा?

वारल्यांचं चित्र याहून निराळं. गेरूच्या भिंतीवर फक्त पांढरा रंग आणि दोन त्रिकोण जोडले की माणूस. नाकडोळे नाहीत, तरी कोण नाचतंय, कोण लावणी करतंय ते कळतं. लग्नात पालघट देवीचा चौक काढायच्या त्या सवाष्णी. पुढे डहाणूकडच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी लग्नापुरतं न ठेवता ही कला रोज कागदावर आणली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मान योग्यच होता. पण पिढ्यान्‌पिढ्या चौक काढणाऱ्या बायांची नावं भिंत पुन्हा सारवली की चित्राबरोबरच गेली.

आम्हाला सगळ्यात जवळची वाटली ती दुर्गाबाई व्याम. मध्य प्रदेशातल्या मंडला भागातली ही गोंड बाई. शाळा नाही. सहा वर्षांची असताना आईकडून डिगना शिकली. डिगना म्हणजे लग्नाला, सणाला भिंतीवर आणि जमिनीवर काढायची नक्षी. तिनं नवरा सुभाष व्याम यांच्यासोबत बाबासाहेबांचं चरित्र चित्रांत काढलं, ‘भीमायन’ नावानं. त्यात चौकोनी खणच नाहीत. डिगन्याच्या वळणदार रेघाच एक प्रसंग दुसऱ्यापासून वेगळा करतात. आगगाडी तर चक्क सापासारखी! हे पाहून आमची आजी पहिल्यांदा गप्प झाली. मग म्हणाली, “हे त आपल्यासारखंच हाय.” दुर्गाबाईंना 2022 साली पद्मश्री मिळाली.

आता आमच्यापुढे एक पेच आहे. अंगणवाडीची भिंत रंगवायची आहे. दरवेळी शहरातून पेंटर येतो, पैसे घेतो, खाली नाव आणि मोबाइल नंबर टाकून जातो. यंदा ती भिंत आजीला द्यायची असं गटाच्या बैठकीत ठरलं. मजुरी द्यायची, कोपऱ्यात नावही लिहायचं. नावाला आजी कशीबशी तयार झाली. पैशाला मात्र अडून बसली आहे. “नागोबाचे पैसे घेतेत का वो?”

दोन बैठका झाल्या, उत्तर निघालं नाही. तुमच्या गावात काय करता ते आम्हाला कळवा.