केसभर वांकडें काडतूस

नेम चुकला कीं हाताला दोष द्यावयाचा, ही नेमबाजीच्या जगांतील जुनी रीत आहे. हात कांपला, श्वास आंवरला नाहीं, वाऱ्याचा अंदाज फसला, अशीं कारणें सांगितलीं जातात, आणि पुष्कळ वेळां तीं खरींहि असतात. परंतु रायफल दगडासारखी अचल बसविली आणि माणसाचा हात तिच्यापासून दूर ठेवला, तरीहि एकाच नळींतून सुटलेल्या दहा गोळ्या एकाच भोंकांतून जात नाहींत. मग चुकतें तें काय?

या एका प्रश्नापायीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत मिल्फर्ड गांवीं राहणारे डॉक्टर फ्रँकलिन मॅन यांनीं आयुष्याचीं कित्येक वर्षें वेंचलीं. वैद्यकीची पदवी घेतलेल्या या गृहस्थांना पैसा मिळाला तो कोंबड्यांच्या खाद्यासाठीं हाडें कापणाऱ्या एका यंत्रामुळें. खर्च झाला तो मात्र शिसें आणि दारू यांवर! काँक्रीटच्या भक्कम ओट्यावर त्यांनीं नळी बसविली, गोळीच्या वाटेंत कागदाचे पडदे टांगले, आणि प्रत्येक पडद्यावरील भोंक वाटोळें पडलें कीं लांबट, हें तपासलें. कांहीं गोळ्या त्यांनीं मुद्दाम एका अंगानें हलक्या करून झाडल्या. १९०९ सालीं त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गोळीचा समतोल नळीच्या मध्यरेषेवर नसेल, तर ती सरळ सुटत नाहीं, हें त्यांतील शोधाचें सार म्हणतां येईल.

असें कां व्हावें? रायफलच्या नळींत आंतून पेचदार खांचा असतात. त्यांचा पेच १२ इंचांत एक फेरा असा असेल आणि गोळीचा वेग सेकंदाला २७०० फूट असेल, तर गोळी सेकंदास २७०० फेऱ्यांच्या गतीनें फिरत बाहेर पडते. तिचा गुरुत्वमध्य नळीच्या मध्यरेषेपासून इंचाचा एक सहस्रांश, म्हणजे माणसाच्या केसाच्या सुमारें एक तृतीयांश जाडीइतका बाजूस असला, तर नळींत असेपर्यंत तो त्या रेषेभोंवतीं गरगर फिरतो. नळी गोळीला धरून असते, म्हणून कांहीं बिघडत नाहीं. तोंडाबाहेर येतांच ती पकड सुटते. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं शेतांत गोफण चालतांना पाहिली असेल, त्यांना पुढची गोष्ट सांगावयास नको. दोरी सुटली कीं धोंडा ज्या दिशेस निघालेला असेल तिकडेच जातो. गोळीहि तशीच किंचित् आडवी निघते. हिशेब केला तर हा आडवा वेग सेकंदाला सुमारें १७ इंच भरतो. त्यामुळें १०० वारांवर फरक पडतो दोन इंचांहूनहि कमी. १००० वारांवर मात्र तोच सुमारें १९ इंच होतो.

गोळी स्वतः निर्दोष असली तरी ती काडतुसांत तिरपी बसली, तर नळींतहि तिरपीच शिरते आणि हाच दोष थोड्या प्रमाणांत उत्पन्न करते. घरीं काडतुसें भरणाऱ्या हौशी नेमबाजांची खरी झुंज याच्याशीं असते. एकदां उडालेली पितळी पुंगळी फुगते. ती साच्यांत दाबून पूर्वस्थितीस आणतात, मग नवी टोपी, मोजलेली दारू आणि शेवटीं गोळी. गोळी बसविणारा साचा हा शेवटचा, म्हणून नवशिका सगळा राग त्याच्यावर काढतो. वस्तुतः खोड आधींच लागलेली असते. पुंगळी साच्यांतून परत ओढतांना तिच्या मानेंतून पोलादाचा एक लहान गोळा बाहेर येतो. मान आंतून कोरडी असली तर तो रखडतो आणि मानेस एका अंगाला ओढून नेतो. शिवाय पितळाची जाडी एका बाजूस अधिक, दुसऱ्या बाजूस कमी असली, तर मानेचें भोंकच मध्यावर नसतें. अशा मानेंत उत्तम साचा तरी गोळी सरळ कशी बसविणार?

परीक्षा सोपी आहे. काडतूस दोन खांचांच्या आधारावर ठेवून बोटांनीं फिरवावें आणि गोळीवर तबकडीच्या मापकाचें टोंक टेकवावें. काटा जेवढा हालेल त्याच्या निम्मा वांकडेपणा समजावा. हें विसरून दुप्पट घाबरणारे पुष्कळ आढळतात.

सर्वांत नवलाची गोष्ट पुढेंच आहे. सगळीं काडतुसें सारखींच वांकडीं असलीं, आणि प्रत्येक वेळीं वांकडी बाजू वर करून भरलीं, तर सगळ्या गोळ्या एकाच दिशेस जवळजवळ सारख्याच सरकतात. नेम धरण्याची माशी तेवढी फिरविली कीं काम झालें. पांगापांग होते ती वांकडी बाजू कधीं वर, कधीं खालीं, कधीं डावीकडे आली म्हणजे. म्हणून कांहीं जाणते नेमबाज त्या बाजूवर शाईचा ठिपका देतात. गोळी अंगठ्यानें रेटून सरळ करण्यापेक्षां हें बरें, कारण रेटण्यानें मानेची पकड ढिली होते.

अर्थात् काट्याच्या मागें लागून इतर गोष्टी विसरणें वेडेपणाचें आहे. ताशीं १० मैलांचा आडवा वारा १००० वारांवर सामान्य गोळीला कित्येक फूट वाहून नेतो, आणि दारूचें वजन कमीजास्त झालें तर गोळ्या वरखालीं पडतात. समंजस मनुष्य संध्याकाळीं मापक घेऊन बसतो आणि काडतुसांच्या दोन राशी करतो. सरळ निघतील तीं लांबच्या निशाणासाठीं ठेवतो, आणि बाकीचीं १०० वारांच्या सरावांत संपवितो.