मूल्य आणि किंमत : शेअरबाजाराचे शास्त्र व व्यवहार

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात झालेले व्याख्यान)



 वाणिज्य महाविद्यालयात तीसहून अधिक वर्षे अध्यापन करण्यात माझे आयुष्य गेले. तेव्हा वक्तृत्वाची अपेक्षा आपण माझ्याकडून करू नये. आजचा विषय मला आपल्याच एका ज्ञातिबंधूंनी दिला आहे. गेल्या गणेशोत्सवात ते मला म्हणाले, “मास्तर, माझा मुलगा इंजिनियर, गणितात पहिल्यापासून हुशार. शेअरबाजाराचे आता शास्त्र झाले आहे, त्यावर नोबेल पारितोषिके मिळतात, असे तो सांगतो. मग शास्त्र जाणणाऱ्याचेही पैसे बुडतात कसे?” त्यांच्या स्वरावरून काय घडले असावे ते मी समजलो आणि अधिक विचारले नाही. परंतु प्रश्न रास्त होता, आणि तो आता एकाच घराचा राहिलेला नाही. आपल्या आजोबांच्या काळी घरची शिल्लक सोने, जमीन आणि पोस्टातील ठेव यांत जात असे. आज तीच शिल्लक शेअर आणि म्युच्युअल फंड यांच्याकडे वळली आहे, आणि व्यवहार खिशातील मोबाइलवर होतात. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर मी आज आपणा सर्वांसमोर देण्याचे योजिले आहे.

प्रथम हे शास्त्र म्हणते काय, ते पाहू. त्याचा आरंभ १९०० साली पॅरिस येथे लुई बाशेलिए या तरुणाने सट्ट्याच्या गणितावर सादर केलेल्या प्रबंधापासून मानतात. पुढे १९५२ साली अमेरिकेत हॅरी मार्कोविट्झ यांनी गुंतवणुकीची विभागणी कशी करावी याचे गणित मांडले. आणि त्याच पायावर १९६४ साली विल्यम शार्प यांनी, तसेच त्याच सुमारास लिंटनर व मॉसिन यांनी स्वतंत्रपणे, भांडवली मालमत्तेच्या किंमतीचा सिद्धांत उभारला. नावे अवघड असली तरी त्यातील मर्म आपल्या शेतकऱ्याला सहज पटेल असे आहे.

समजा, नाशिककडे एकाचा द्राक्षांचा एकच मळा आहे. ऐन हंगामात गारपीट झाली तर तो बुडाला. आता वेगवेगळ्या तालुक्यांतील दहा मळेवाल्यांनी आपापसांत दहावा-दहावा हिस्सा वाटून घेतला, तर एका मळ्यावरच्या गारांनी कोणीही बुडत नाही. परंतु १९७२ सारखा दुष्काळ पडला तर? तो दहाही मळ्यांवर पडतो; तेथे वाटणी फारशी उपयोगी पडत नाही. म्हणजे जोखीम दोन प्रकारची. गारपिटीची जोखीम वाटून घेऊन टाळता येते. दुष्काळाची टाळता येत नाही. शार्प यांचा सिद्धांत असे सांगतो की, जी जोखीम टाळता येण्याजोगी आहे ती तुम्ही हट्टाने अंगावर घेतली, तर बाजार त्याबद्दल तुम्हांला एक पैसाही जादा देणार नाही. मोबदला मिळतो तो फक्त दुष्काळाच्या, म्हणजे सर्व बाजाराला व्यापणाऱ्या जोखमीचा. एखादा शेअर साऱ्या बाजाराबरोबर किती हेलकावतो त्याच्या मापाला ‘बीटा’ असे नाव आहे. भविष्यकाळी त्या शेअरवर मिळणारे लाभांश, या जोखमीचा विचार करून आजच्या रकमेत मांडले, म्हणजे त्याचे मूल्य निघते. बाजारातील किंमत या मूल्याच्या जवळपास असते, असे हे शास्त्र धरून चालते. १९७० साली यूजीन फामा यांनी त्याच्या जोडीला असेही प्रतिपादन केले की, उपलब्ध असलेली सर्व माहिती किंमतीत आधीच उतरलेली असते; म्हणून बाजारावर सातत्याने मात करणे कोणालाही दुरापास्त आहे.

हा सिद्धांत सुंदर आहे यात शंका नाही. परंतु प्रत्यक्षाशी ताडून पाहता काय दिसले? १९७२ साली ब्लॅक, जेन्सन आणि शोल्स यांनी न्यूयॉर्कच्या बाजारातील अनेक वर्षांचे भाव तपासले. अधिक बीटाच्या शेअरवर अधिक उत्पन्न मिळाले खरे, पण सिद्धांत सांगतो त्याहून कमी प्रमाणात. १९९२ साली खुद्द फामा यांनी फ्रेंच यांच्यासमवेत दाखवून दिले की, उत्पन्नातील फरकाचा उलगडा केवळ बीटाने होत नाही. कंपनी लहान की मोठी, आणि तिची हिशेबातील मालमत्ता बाजारभावाच्या मानाने किती, या गोष्टी अधिक बोलतात. त्यापूर्वीच, १९८१ साली, रॉबर्ट शिलर यांनी लाभांशांचा दीर्घकाळचा इतिहास मांडून दाखविले होते की, लाभांश जेवढे बदलतात त्याच्या मानाने शेअरचे भाव कितीतरी अधिक उसळतात व कोसळतात. गंमत अशी की, बाजार शहाणा असतो म्हणणारे फामा आणि बाजार भावनेच्या लाटेवर वाहतो म्हणणारे शिलर, या दोघांनाही २०१३ साली हॅन्सन यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल स्मृतिपारितोषिक विभागून मिळाले. पुष्कळांना यात विसंगती वाटली. मला वाटत नाही. उद्याचा भाव सांगता येत नाही हे फामांचे म्हणणे आणि आजचा भाव रास्तच असेल असे नाही हे शिलर यांचे म्हणणे, ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

याची साक्ष आपल्याच मुंबईने फार पूर्वी दिली आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला जाईना, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. आलेला पैसा नव्या बँका व समुद्र भरून काढणाऱ्या कंपन्या यांच्या शेअरांत ओतला गेला. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर दहापटीच्या आसपास जाऊन पोचला. ज्यांच्या देणगीतून राजाबाई मनोरा उभा राहिला ते प्रेमचंद रायचंद त्या काळचे अग्रणी होते. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचा भाव घसरला, आणि १ जुलैला वायद्यांचा हिशेब चुकता करण्याचा दिवस उगवला, तेव्हा मोठमोठ्या पेढ्या बसल्या. जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये बंद करावी लागली. मुंबईचा समुद्र तोच होता. भरावयाची जमीनही तेवढीच होती. चार वर्षांत बदलले ते लोकांचे अंदाज.

आता एक स्वानुभव सांगतो. तो सांगण्यास मला संकोच वाटतो. परंतु आज तो सांगितला नाही तर या व्याख्यानाला अर्थ नाही. १९९२ साली मी नवाच अध्यापक होतो. १९९१ च्या आरंभी हजाराच्या आसपास असलेला मुंबईचा निर्देशांक २ एप्रिल १९९२ रोजी ४,४६७ वर पोचला होता. हर्षद मेहता यांचे नाव सर्वतोमुखी होते. ते एक सिद्धांतही मांडीत : जुन्या कंपनीच्या शेअरची किंमत, तसाच कारखाना आज नव्याने उभारण्यास किती खर्च येईल त्यावरून ठरवावी. ए.सी.सी. या सिमेंट कंपनीचा दोनशेच्या आसपास असलेला शेअर त्या काळात नऊ हजारांच्या घरात गेला. मी सकाळी वर्गात फळ्यावर बीटाचे समीकरण सोडवीत होतो, आणि दुपारी एका दलालाच्या कचेरीत रांगेत उभा राहत होतो. वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतील चाळीस हजार रुपये मी एकाच कंपनीच्या शेअरांत घातले. २३ एप्रिलला सुचेता दलाल यांचे वृत्त प्रसिद्ध झाले, आणि बाजार चढविणारा पैसा बँकांच्या रोखे व्यवहारांतून गैरमार्गाने आला असल्याचे हळूहळू उघडकीस आले. २८ एप्रिलला एका दिवसात निर्देशांक सुमारे पावणेतेरा टक्क्यांनी कोसळला. माझ्या चाळीस हजारांचे पुढील वर्षी अकरा हजार हाती आले. गावच्या घराची कौले त्या पावसाळ्यापूर्वी बदलावयाची होती; ती आणखी पाच पावसाळे तशीच राहिली.

बंधुभगिनींनो, समीकरण मला पाठ होते. ते चुकलेही नव्हते. एकाच मळ्यात सर्वस्व घालू नये, हेच तर ते सांगत होते! मी गारपिटीची जोखीम घेतली आणि दुष्काळाचा मोबदला मागितला. मेहतांचा सिद्धांत मला पटला, कारण भाव आधीच चढला होता. भाव सिद्धांतामुळे चढतो आहे असे मी समजत होतो; वस्तुतः चढत्या भावाला शोभेसे कारण हवे होते, ते त्या सिद्धांताने पुरविले.

किंमत मूल्यापासून अशी दूर का जाते? केन्स यांनी १९३६ साली याचे एक मार्मिक उदाहरण दिले. वृत्तपत्रात शंभर छायाचित्रे छापून त्यांतील सर्वांत सुंदर सहा निवडावयाची स्पर्धा असली, आणि बहुसंख्यांच्या निवडीशी जुळणाऱ्यास बक्षीस मिळणार असले, तर स्पर्धक स्वतःला कोण सुंदर वाटते ते पाहत नाही. इतरांना कोण सुंदर वाटेल याचा तो तर्क करतो. बाजारात पुष्कळदा असेच चालते. यावर कोणी म्हणेल की, जाणत्यांनी उलट व्यवहार करून भाव जाग्यावर आणावा. परंतु जाणत्याचेही हात बांधलेले असतात. जे शोल्स वर सांगितले तेच, आणि मर्टन, हे दोघे १९९७ चे नोबेल मानकरी अमेरिकेतील ‘लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट’ या निधीचे भागीदार होते. जवळपास सारख्या असलेल्या रोख्यांच्या भावांतील तफावत आज ना उद्या मिटेल, या गणितावर त्या निधीने प्रचंड कर्ज काढून व्यवहार केले. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाने आपले देणे थांबविले, भयभीत बाजारात ती तफावत मिटण्याऐवजी वाढली, आणि न्यूयॉर्कच्या मध्यवर्ती बँकेच्या पुढाकाराने चौदा वित्तसंस्थांना सुमारे ३.६ अब्ज डॉलर घालून तो निधी सावरावा लागला. कर्जाने आणलेल्या पैशाला थांबण्याची सवड नसते.

तरीही सारा बाजार म्हणजे जुगार, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ग्रॉसमन व स्टिग्लिट्झ यांनी १९८० साली फार नेमका मुद्दा मांडला : सर्व माहिती किंमतीत आयतीच उतरत असती, तर ती मिळविण्याचे श्रम कोण घेता? धान्यबाजारात पोते उघडून दाणा हातावर घेऊन पाहणारे चार व्यापारी असावे लागतात; त्यांच्या कष्टाने भाव ठिकाणावर राहतो, आणि त्या कष्टाची त्यांना मजुरी मिळते. प्रश्न एवढाच की, आपण पोते उघडून पाहणाऱ्यांपैकी आहोत काय?

आपल्या तरुणांना सर्वाधिक ओढ आज वायदे आणि ऑप्शन यांची आहे, म्हणून त्याविषयी स्पष्ट बोलतो. शेअर घेणारा एखाद्या उद्योगाचा अल्पसा मालक होतो, आणि दुष्काळाची जोखीम वाहिल्याबद्दल त्याला काही मोबदला अपेक्षिता येतो. ऑप्शनच्या करारात एकाचा नफा तोच दुसऱ्याचा तोटा. शिवाय दलाली आणि कर दोघांनाही. व्यापारी आपल्या मालाच्या वा शेअरांच्या रक्षणार्थ असे करार करतो, तो त्याचा विमा होय. पण ज्याला राखावयाचे काही नाही, त्याला केवळ पैज लावल्याबद्दल कोणताही सिद्धांत मोबदला देत नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी सुमारे ९३ टक्के लोकांना तोटा झाला, आणि त्या तोट्याची बेरीज १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होती. त्या ९३ टक्क्यांत गणितात हुशार मुले नसतील असे समजण्याचे कारण नाही.

मग या शास्त्राचा संसारी माणसाला उपयोग कोणता? मला तीन दिसतात. पहिला, टाळता येणारी जोखीम टाळावी. साऱ्या बाजाराचा लहानसा हिस्सा थोड्या खर्चात मिळवून देणारे निर्देशांक निधी आज उपलब्ध आहेत. सामान्य गुंतवणूकदारांसाठी असा पहिला निधी जॉन बोगल यांनी १९७६ साली अमेरिकेत काढला. रिचर्ड रोल यांनी १९७७ साली असे दाखविले की, खरा ‘बाजार’ म्हणजे केवळ शेअर नव्हेत. घर, जमीन, सोने आणि माणसाची कमावण्याची शक्ती, सारे त्यात येते. म्हणून ज्या कंपनीत नोकरी तिचेच शेअर साठविणे म्हणजे एकाच मळ्यावर दोनदा बसणे होय.

दुसरा, ज्या पैशाची तारीख ठरलेली आहे तो बाजारात ठेवू नये. २३ मार्च २०२० रोजी निर्देशांक एका दिवसात तेरा टक्क्यांनी घसरून २६ हजारांच्या खाली आला. २१ जानेवारी २०२१ रोजी त्याने ५० हजारांचा आकडा प्रथमच गाठला. ज्याला थांबता आले त्याचे काही गेले नाही. ज्याला त्याच महिन्यात मुलीच्या शिक्षणासाठी पैसे काढणे भाग पडले, त्याचे गेले ते गेलेच.

तिसरा, जोखमीवाचून जादा व्याजाचे आश्वासन कोणी दिले, मग तो आपल्या ज्ञातीतला का असेना, तर त्याला नम्रपणे विचारावे, “हे उत्पन्न येते कोठून?” समाधानकारक उत्तर न मिळाल्यास चहा घेऊन उठावे.

शेवटी त्या ज्ञातिबंधूंचा प्रश्न. शास्त्र जाणणाऱ्याचे पैसे बुडतात कसे? उद्याचा भाव सांगण्याचे वचन या शास्त्राने कधी दिलेलेच नाही. ते आपण त्याच्याकडून मागतो आणि निराश होतो. जे त्याने खरोखर सांगितले, ते मात्र कंटाळवाणे म्हणून सोडून देतो.

आणखी एकच विनंती करून मी रजा घेतो. १९९२ साली तोटा भरून काढण्यासाठी मी उसने पैसे घेण्याच्या बेतात होतो. तत्पूर्वी एका रात्री मी वडिलांना सारे सांगितले. ते रागावले नाहीत. “आता आणखी घालू नकोस,” एवढेच म्हणाले आणि दिवा मालवला. त्या एका वाक्याने मी वाचलो. आज ज्यांच्या घरी असा एखादा मुलगा गप्प बसून असेल, त्या वडीलधाऱ्यांनी त्याला जवळ बसवून विचारावे. आणि त्या मुलाने, आकडा कितीही मोठा असो, तो घरात सांगावा. लपविलेला तोटा कर्जाने वाढतो. सांगितलेला तेथेच थांबतो.