पडदा गुंडाळल्यावर

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

पंचवीस वर्षांचा आढावा अध्यक्षांनी घेतलाच. माझ्याकडे विषय आलाय तो गच्चीवर दाखवल्या जाणाऱ्या माहितीपटांचा. "फिल्म बघून हवामान सुधारणार आहे का?" असं मला जिन्यात बऱ्याच जणांनी विचारलंय. प्रश्न रास्त आहे.

२०१६ साली पाणी फाउंडेशनने वॉटर कप स्पर्धा सुरू केली. वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव असे तीन तालुके, ११६ गावं. गावकऱ्यांना प्रशिक्षण दिलं, साध्या भाषेतल्या फिल्म दाखवल्या आणि मग गावं श्रमदानाला लागली. साताऱ्यातलं वेळू पहिलं आलं. चर काही फिल्मने खणले नाहीत. पण फिल्म संपली तेव्हा कुदळ कुठे मारायची, हे गावाला कळलेलं होतं.

त्याच फिल्म आपण गच्चीवर लावल्या. शेजारच्या वाडीतली मंडळीही आली होती. त्यातल्या एक ताई म्हणाल्या, "त्यांच्याकडं पाऊस नाही म्हणून हाल. आमच्याकडं एवढा कोसळतो, तरी मे महिन्यात हंडा घेऊन आम्हीच का फिरायचं?"

त्या दिवशी फिल्मपेक्षा हा प्रश्न मोठा ठरला. कर्जत-खालापुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण खाली काळा कातळ, वर तीव्र उतार. पाणी मुरत नाही. उल्हास आणि पाताळगंगेतून थेट खाडीला जातं. त्यात पावसाची तऱ्हा बदललीय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

इर्शाळवाडी आपल्यापासून लांब नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. दरडप्रवण गावांच्या यादीत ती वाडी नव्हतीच. म्हणजे यादीच्या भरवशावर राहून चालणार नाही, आपले डोळेही उघडे हवेत. म्हणून गच्चीवर पर्जन्यमापक बसवला. रोज सकाळी साडेआठला आपली मुलं नोंद घेतात आणि जोराचा पाऊस झाला की वाड्यांमधल्या ओळखीच्यांना फोन करतात. आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशी त्याच वाड्यांतून येतात, हे विसरू नका.

आता पाण्याकडे वळतो. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. पाचशे चौरस मीटर गच्ची आणि तीन हजार मिलिमीटर पाऊस धरला तर पंधरा लाख लिटर. वाया जाणारं वजा करा, तरी बारा लाख उरतं. दहा हजार लिटरचे १२० टँकर! जूनमध्ये हे सगळं गटारात सोडायचं आणि एप्रिलमध्ये टँकरवाल्याला फोन करायचा, हे आता पुरे झालं.

वाळू, खडी आणि कोळशाच्या गाळणीतून हे पाणी आपल्या बोअरवेलमध्ये सोडायचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत येतोय. सगळं मुरेल आणि सगळं परत मिळेल असं मी म्हणणार नाही. कातळ किती पाणी धरतो ते जागेवर ठरतं. म्हणून आधी एका इमारतीपासून सुरुवात करू आणि दोन उन्हाळे बोअरची पातळी लिहून ठेवू. "टँकर मिळतोय ना, मग खर्च कशाला?" असं काही जण म्हणतात. टँकरचं पाणीही कुणाच्या तरी विहिरीतूनच येतं हो! आपण जेवढे कमी टँकर मागवू, तेवढं कुणाच्या तरी हंड्यात उरेल.

यापुढे फिल्म अर्धा तास आणि गप्पा एक तास असा बेत ठेवू. पडदा गुंडाळल्यावर खुर्च्या लगेच उचलू नका. कोण काय करणार, ते वहीत लिहूनच खाली उतरू. ठरावाच्या दिवशी मात्र सगळे या.

रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.