जुन्या मोटरसायकलचं सीट कव्हर



घरात एखादी येझदी रोडकिंग, यामाहा आरएक्स १००, राजदूत किंवा वडिलांच्या वेळची हिरो होंडा सीडी १०० अजून चालती असेल, तर तिच्या इंजिनाची फारशी काळजी नसते. पिस्टन, क्लच प्लेटा, कार्ब्युरेटर यांचं काम जाणणारा एखादा जुना मिस्त्री शोधला की सापडतो. टाकीला रंग देता येतो, चाकाचे आरे बदलता येतात. गाडी अडते ती सीटपाशी. कव्हर फाटलेलं असतं, फोम बाहेर डोकावत असतो आणि पावसाळ्यात विजार ओली झाल्याशिवाय घरी पोचता येत नाही. अशा जुन्या गाडीसाठी नवं कव्हर कसं मिळवायचं, याबद्दल आज बोलणार आहे.

आपण दुकानात जातो आणि विचारतो, "येझदीचं सीट कव्हर आहे का?" घोटाळा होतो तो इथेच. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातलं उत्पादन १९९६ मध्ये बंद पडलं. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी हे नाव २०२२ मध्ये परत आलं, पण अगदी नव्या गाड्यांवर. त्यांचा सांगाडा वेगळा आणि सीटही वेगळी. काउंटरमागच्या विशीतल्या मुलाला येझदी म्हटल्यावर नवीच गाडी आठवणार, त्यात त्याचा काय दोष? बुलेटबद्दल तर बोलायलाच नको. कधी चालकाला स्प्रिंगवरचं स्वतंत्र आसन आणि मागच्याला वेगळी गादी, तर कधी दोघांना मिळून एक सलग सीट. नाव मात्र बुलेटच. आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ एवढीच निघाली, त्यामुळे तिथे सोपं जायला हवं होतं. पण या गाडीचं वेड असं की तिच्या सीटच्या नकलाही बाजारात भरपूर आल्या. तुमच्या गाडीवरची सीट मधल्या काळात कोणीतरी बदललेली असू शकते. खाली नकलेचा पत्रा आणि हातात मूळ मापाचं कव्हर, असं झालं की ओढाताण आलीच.

म्हणून कव्हर गाडीच्या नावावर मागू नका, सीटच्या मापावर मागा. आणि त्या मापाचा सर्वांत खात्रीचा पुरावा तुमच्याकडेच असतो, तो म्हणजे ते जुनं फाटकं कव्हर. पुष्कळ लोक सीट उघडली की ते आधी कचऱ्यात टाकतात. तसं करू नका.

सीट काढणं अवघड नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत मागच्या बाजूला दोन नट असतात आणि पुढची जीभ टाकीमागच्या खाचेत अडकवलेली असते. काही गाड्यांची सीट बिजागरीवर उघडते. सीट उलटी करा. जुन्या सीटचा तळ पत्र्याचा असतो आणि त्याच्या काठाने छोटे त्रिकोणी दात कापून वर काढलेले असतात. कव्हरची कड त्या दातांत रोवून दात चेपलेले असतात. सपाट स्क्रू ड्रायव्हरने एकेक दात हळूच उचला, पण सरळ उभा करू नका. कव्हर सुटण्यापुरता उघडला की थांबा. तीस-चाळीस वर्षांचा गंजलेला पत्रा एकदा वाकतो, फार तर दुसऱ्यांदाही वाकतो, पुढच्या वेळी दात मोडून हातात येतो. मोडलाच तर त्या ठिकाणी वॉशर घालून रिव्हेट मारता येतो. फक्त रिव्हेटचं डोकं खालून जाणाऱ्या वायरींवर घासणार नाही, एवढं पाहायचं. नंतरच्या गाड्यांत तळ प्लास्टिकचा आला आणि दातांच्या जागी स्टेपलच्या पिना आल्या. तिथे पिना उपटून काढल्या की झालं.

कव्हर निघालं की आतली हकिकत कळते. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. उन्हाने आणि वयाने ते द्रव्य उडून जातं, थर ताठरतो आणि तडकतो. पहिली तड बहुधा शिलाईजवळ जाते, कारण तिथे सुईची भोकं असतात. तिथून पाणी आत शिरतं आणि फोम ते धरून ठेवतो. वरचं रेक्झिन कोरडं दिसलं तरी खालचा पत्रा दिवसेंदिवस ओलाच राहतो. म्हणून जुन्या सीटमध्ये कव्हरपेक्षा पत्र्याचंच दुखणं मोठं निघतं. तारेच्या ब्रशने गंज घासून काढा, रेड ऑक्साइडचा हात द्या, वर रंग द्या आणि पुरतं वाळू द्या. नट बसतात तिथे पत्रा चिरला असेल तर वेल्डिंग करून घ्या, पण त्याआधी फोम, कव्हर, सगळं उतरवून दूर ठेवा. फोमला ठिणगी लागली की तो भडकतो आणि त्याचा धूर विषारी असतो. "वर ओलं फडकं टाकून करतो, साहेब," असं वेल्डर म्हणाला तरी ऐकू नका.

आता फोम. नवं कव्हर बसवलं आणि सुरकुत्या राहिल्या, की शिव्या कव्हरला बसतात. खरं तर फोम बसका झालेला असतो. कव्हर मूळ उंचीचं आणि आतली गादी दोन बोटं खाली गेलेली, मग वरचं रेक्झिन ढिलं पडणारच. फोम हाताने दाबून सोडा. लगेच उसळून वर आला आणि चुरा पडत नसेल तर तो ठेवा. नुसता थोडा दबला असेल तर वर पातळ फोमचा एक थर चिकटवून पुरे होतं. इथे अनेक कारागीर हौसेने जाड, कडक फोम भरतात. सीट दिसायला गुबगुबीत होते, पण चालकाचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत आणि जुन्या मापाचं कव्हर वर चढत नाही. ठरवायचं असेल तर आधी फोम ठरवा, कव्हर नंतर. आणि फोम ओला असेल तर कडक उन्हात, उलटसुलट करून, पूर्ण वाळवा. हे काम मृग लागायच्या आधी, एप्रिल-मेमध्ये उरकावं, ते याचसाठी.

आता बाजारात काय मिळतं ते पाहू. सर्वांत स्वस्त असतं ते जुन्यावरच चढवायचं, खाली इलॅस्टिक किंवा दोरी असलेलं कव्हर. दोन-चार महिने भागवायचे असतील तर ठीक आहे, पण ते बसल्यावर सरकतं आणि दोन कव्हरांच्या मधे पाणी साचतं. दुसरा प्रकार म्हणजे तयार शिवलेलं, पिना मारून बसवायचं कव्हर. पुण्यात नाना पेठेत, दिल्लीत करोल बागेत दुचाकीच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत. तिथे खपाच्या जुन्या गाड्यांसाठी अशी कव्हरं विचारता येतात. जाताना निदान चार मापं लिहून न्या: मधल्या रेषेवरून पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतची लांबी, सर्वांत रुंद आणि सर्वांत अरुंद जागची रुंदी, आणि मागच्या बाजूची उंची. मापं शिंप्याच्या टेपने, सीटच्या गोलाईवरून घ्या. लाकडी पट्टी ठेवून घेतलेलं माप इथे फसवतं. मोबाइलमध्ये सीटचा बाजूने आणि खालून काढलेला फोटो असू द्या. पूर्ण नवी सीटही मिळते, पण घेण्याआधी तिचा पत्रा दोन्ही हातांनी पिळून बघा आणि नटांची भोकं तुमच्या गाडीच्या भोकांशी जुळवून पाहा. मूळ पत्रा शाबूत असेल तर मी तरी नवी सीट घ्यायला सांगणार नाही.

माझा कल तिसऱ्या वाटेकडे आहे, म्हणजे कव्हर शिवून घेणं. तालुक्याच्या गावी रिक्षाची हुडं आणि जीपच्या सीटा शिवणारा कोणीतरी असतोच. चांगला कारागीर जुनं कव्हर ब्लेडने शिलाई उसवून वेगळं करतो. वरचा भाग, दोन बाजूच्या पट्ट्या, मागचा तुकडा, असे भाग सुटे होतात. ते सपाट पसरून त्यांच्यावरून तो नवं रेक्झिन आखतो. तडकलेलं कव्हर आखडलेलं असतं, म्हणून उन्हात ठेवून थोडं मऊ करून घेतो. उसवण्याआधी तो दोन्ही तुकड्यांवर समोरासमोर खडूच्या खुणा करतो का, हे पाहा. या खुणा नसतील तर शिवताना एक बाजू पुढे सरकते आणि सीटवर बसवल्यावर मधली रेषा वाकडी दिसते. खुणा न करता सरळ कात्री चालवणारा कारागीर दिसला, तर चहा पिऊन या आणि दुसरीकडे जा.

रेक्झिन निवडताना दोन्ही दिशांना ओढून बघा. एका दिशेला ते जास्त ताणतं. ताण सीटच्या रुंदीकडे आला तर कोपरे नीट बसतात. तुकड्याची घडी घालून नखाने दाबा. पांढरी रेघ उमटून तशीच राहिली तर तो माल नको. दोरा सुती नको. तो पावसात कुजतो. नायलॉन किंवा पॉलिस्टरचा जाड दोरा मागा. टाके फार बारीक नकोत, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. पण जवळजवळ घातलेल्या टाक्यांनी रेक्झिनची पोस्टाच्या तिकिटासारखी भोकाभोकांची कड होते आणि पहिल्या जोराच्या ताणाला तिथूनच फाटतं. जुन्या कारखानी कव्हरांवरच्या उठावदार पट्ट्या पुष्कळदा उष्णतेने दाबून काढलेल्या असतात. तसंच दिसावं म्हणून कारागीर तिथे शिलाई मारतो. दिसतं छान, पण बसायच्या जागी प्रत्येक शिलाई म्हणजे पाण्याला वाट. गाडी प्रदर्शनात ठेवायची असेल तर मारा. रोज कामावर न्यायची असेल तर वरचा भाग एकसंध ठेवा. कव्हरखाली पातळ प्लास्टिक घालावं का, असं विचारतात. जरूर घाला, पण फोम कोरडा असेल तरच. नाहीतर आतलं पाणी आतच कोंडलं जाईल.

बसवताना नवं कव्हर अर्धा तास उन्हात ठेवा म्हणजे ते मऊ पडतं. आधी पुढचा मध्य, मग मागचा मध्य पक्का करा. नंतर दोन्ही बाजू थोड्याथोड्या, आणि कोपरे सर्वांत शेवटी. प्लास्टिकच्या तळाला पिना मारायच्या असतील तर त्या गंज न धरणाऱ्या, स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात.

एक गोष्ट नव्या कव्हरमध्ये हमखास गळते, ती म्हणजे सीटच्या मधोमध आडवा जाणारा पट्टा. "जुनाट दिसतो, काढून टाकू," असं कारागीर म्हणतो. हा पट्टा शोभेचा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम मागे बसणाऱ्यासाठी कायम बसवलेली हाताची पकड, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाला आडोसा असावा, असं सांगतो. तुमच्या गाडीला मागे किंवा बाजूला दांडा नसेल तर मागच्या माणसाच्या हाताला पट्ट्याशिवाय दुसरं काही नाही. जुना पट्टा कुजला असेल तर नवा करून घ्या, पण तो नुसता कव्हरला शिवू नका. त्याची टोकं पत्र्यातूनच बोल्टने आवळलेली हवीत. काम झाल्यावर मुठीत धरून जोराने हिसका देऊन बघा.

पुढे निगा राखायची ती एवढीच: धूळ ओल्या फडक्याने पुसा, फार मळलं तर साबणाचं पाणी घ्या. रॉकेल किंवा पेट्रोलने पुसू नका. चमक येते, पण रेक्झिनमधलं ते तेलकट द्रव्य त्यासोबत निघून जातं. चकाकीसाठी मिळणारे तेलकट स्प्रेही सीटवर नकोत. ब्रेक मारला की बसणारा पुढे घसरतो. आणि तुमच्या वाड्यात, सोसायटीत मांजरं असतील, तर रात्री सीटवर गोणपाट टाकत चला. नवं, मऊ रेक्झिन दिसलं की नखं घासायला त्यांना तीच जागा आवडते, आणि त्यावर माझ्याकडे तरी याहून चांगला उपाय नाही.